एकतीस नंबरची शिट्टी

लोविना क्रेसलीला लग्नाची मागणी घातली गेली ती इंजिनाच्या चाकाला पाठ लावून उभं करून. दुसरी एखादी असती तर उलट्या पावली घरी गेली असती. लोविना तेव्हा बापाच्या शेतावरचं लोणी आणि अंडी घेऊन ऑल्डर गॅपच्या स्टेशनावर विकायला यायची. अमँडस क्रेसली नुकताच इंजिनाचा ड्रायव्हर झाला होता, आणि बोलण्याच्या बाबतीत जन्माचा कंजूष. त्यानं तिची टोपली खाली ठेवायला लावली, तिला इंजिनाच्या मोठ्या चाकापाशी उभं केलं, तिच्या डोक्यावर तळहात आडवा धरून पाहिलं आणि म्हणाला, "पाच फूट दोन इंच. बरोब्बर."

"काय बरोब्बर?"

"चाक. आणि तू."

झालं. पुढचं तिनं समजून घ्यायचं. तिनं घेतलंही, यात तिच्या अकलेची कमाल. बापानं आकांडतांडव केलं. जर्मन शेतकऱ्याची पोर, चांगली गाईगुरांत वाढलेली, ती धूर ओकणाऱ्या माणसाच्या घरी जाणार! पण लोविनानं एकदा ठरवलं की ठरवलं. पुढं आयुष्यभर ती हा किस्सा सांगायची आणि शेवटी म्हणायची, "मला आधी वाटलं, हा माणूस माझं माप घेऊन मला कंपनीला विकतोय की काय!"

इंजिनाचा नंबर एकतीस. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ भागात तेव्हा धावायचं तसंच सरळसाधं आठचाकी. पुढं वळणाचा अंदाज घेणारी चार छोटी चाकं, मागं ओझं ओढणारी चार मोठी. सतरा इंची सिलिंडर, दट्ट्याची धाव चोवीस इंच, बॉयलरात एकशे तीस पौंडांची वाफ, वजन छत्तीस टन. हे सगळं लोविनाला तोंडपाठ होतं, कारण अमँडस घरी बोललाच तर हेच बोलायचा. त्यांना मूल झालं नाही. गावातल्या रिकाम्या जिभा म्हणायच्या, एकतीस हीच क्रेसलीची लेक. लोविनाच्या कानावर ते जायचं. तिला त्याचा राग यायचा नाही, कारण ते खरंच होतं.

त्या काळी कंपनी एक इंजिन एका माणसाच्या हवाली करायची आणि ते त्याचंच राहायचं. तो ते पुसायचा, पितळ घासायचा, दुसऱ्या कुणी हात लावला तर आठवडाभर तोंड फुगवून बसायचा. आता ती रीत गेली, जो येईल त्याला जे उभं असेल ते इंजिन, आणि मग कंपनीवाले विचारतात की इंजिनं लवकर का खिळखिळी होतात. असो. इंजिन कितीही आपलं म्हटलं तरी कंपनीचं. शिट्टी मात्र ड्रायव्हरची. ती त्यानं स्वतःच्या पदरचं पितळ देऊन ओतून घ्यायची, स्वतःच्या कानाला पटेपर्यंत घासायची. इंजिन दुरुस्तीला गेलं की ती काढून फडक्यात गुंडाळून घरी आणायची.

अमँडसनं आपल्या शिट्टीच्या पोटात हिकरीच्या लाकडाचे तुकडे ठोकून तिचा आवाज खाली आणला होता. ती खालून सुरू व्हायची, वर चढायची आणि शेवटी जड ओझं हलकेच जमिनीवर ठेवावं तशी उतरायची. गावात अशा कितीतरी शिट्ट्या होत्या आणि बायकांना त्या नवऱ्याच्या खोकल्यासारख्या ओळखू यायच्या. लोविनाचं घर खिंडीच्या तोंडाशी, रुळांच्या वर. तिच्या अंगणाखाली गाडीवाट रूळ ओलांडून जायची. क्रॉसिंगच्या अलीकडे कंपनीचा पांढरा खांब होता. त्या खांबापाशी दोन लांब आणि दोन आखूड शिट्ट्या वाजवायच्या, हा नियम. दुपारी ती शिट्टी झाली की लोविना सुकवलेल्या सफरचंदांचा आणि हॅमचा रस्सा चुलीच्या तापल्या बाजूला सरकवायची, त्यात पिठाचे गोळे सोडायची आणि झाकण ठेवायची. ते झाकण मध्ये उचलायचं नसतं, उचललं की गोळे दगड होतात. अमँडस इंजिन शेडमध्ये सोडून, हात धुऊन टेबलाशी बसेपर्यंत गोळे फुगून तयार.

त्याच्यासोबत बऱ्याचदा त्याचा फायरमन यायचा, इंजिनात कोळसा घालणारा कॉर्नेलियस टायर्नी. आयरिश, तांबड्या मिशांचा, चार पोरांचा बाप, आणि अमँडस जितकं बोलत नसे तितकं सगळं बोलणारा.

"बाई, तुमच्या नवऱ्यानं आज सकाळपासून तीन शब्द खर्च केले," तो ताटावर बसता बसता सांगायचा. "त्यातल्या दोन शिव्या."

"आणि तिसरा?"

"कोळसा."

अमँडस मान वर न करता म्हणायचा, "चार. तू ऐकत नाहीस."

अशी वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात खिंडीत बर्फ साचलं, गाडी अडकली, अमँडस रात्रभर फावडं घेऊन उभा राहिला आणि छातीत सर्दी घेऊन घरी आला. न्यूमोनियानं त्याला फार दिवस झुंजू दिलं नाही. जाताना तो काही बोलला नाही. लोविना लोकांना सांगायची की तो शांतपणे गेला. पण तिला मनातून वाटत राहिलं, एखादा शब्द तरी टाकायचा होतास रे.

अंत्ययात्रेच्या दिवशी एकतीसला काळं कापड बांधून स्टेशनात उभं केलं होतं. लोविना गर्दीतून सरळ मोठ्या चाकापाशी गेली आणि पाठ लावून उभी राहिली. चाकांवर नुकत्याच नव्या लोखंडी धावा चढवलेल्या होत्या, त्यामुळं चाक पुन्हा पूर्वीएवढं झालं होतं. तिचं डोकं काही त्याच्या वरच्या कडेला पोचेना. इतकी वर्षं धाव झिजत गेली तशी आपणही झिजत गेलो हे तिला कळलंच नव्हतं. तिथं मात्र तिला रडू आवरेना.

रीत अशी की ड्रायव्हर गेला की त्याची शिट्टी विधवेनं स्वतःच्या हातानं पुढच्याला द्यायची. सक्ती नव्हती. एका म्हातारीनं नवऱ्याची शिट्टी त्याच्यासोबत पुरली होती आणि गावानं ब्रही काढला नव्हता. एकतीस कॉर्नेलियसला मिळालं. तो काही मागायला आला नाही, तेव्हा लोविनानंच त्याला बोलावून घेतलं आणि फडक्यात गुंडाळलेली शिट्टी त्याच्या हातात ठेवली.

"नीट वाजव. वेडीवाकडी वाजवलीस तर तो उठून येईल."

कॉर्नेलियसला एरवी यावर दहा विनोद सुचले असते. तो नुसता टोपी चुरगाळत उभा राहिला आणि तसाच निघून गेला.

पहिल्या दिवशी तो खिंडीतून आला तेव्हा लोविना चुलीपाशीच होती. दोन लांब, दोन आखूड. तिचा हात आपोआप चालला. भांडं सरकवलं, दोघांपुरते गोळे सोडले, झाकण ठेवलं. दोन ताटल्या मांडल्या. घंगाळात गरम पाणी ओतलं, खुंटीवरचा त्याचा पंचा काढून शेजारी ठेवला. आणि मग दाराशी जाऊन ती अंगणाचं फाटक वाजायची वाट बघत उभी राहिली. बराच वेळ फाटक वाजलं नाही. का वाजलं नाही ते जेव्हा तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती पळीसकट बाहेर पायरीवर आली आणि एप्रन तोंडाला लावून ढसाढसा रडली.

शेजारच्या मिनर्व्हा योस्टनं कुंपणावरून ते पाहिलं. मिनर्व्हाचा नवरा यार्डात रुळांचे सांधे बदलायचा. तिच्या मनात पाप नव्हतं, पण पोटात काही राहतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लोविना खिडकीशी बसली. आदल्या दिवशी काळीज फाटलं होतं हे खरं, पण ती शिट्टी वाजत होती तेवढा वेळ तिचा माणूस जिवंत होता, हेही खरं. तिला ती पुन्हा ऐकायची होती. एकतीस आलं. पांढऱ्या खांबापासून नुसती इंजिनावरची घंटा किणकिणत राहिली, शिट्टी नाही. गाडी तशीच चोरासारखी निघून गेली. त्याच्या पुढच्या दिवशी तसंच, आणि त्याच्याही पुढच्या.

तिनं निरखून पाहिलं, बॉयलरच्या डोक्यावर अमँडसची शिट्टी होती, चांगली घासून लखलखीत केलेली. खिंडीपलीकडच्या वस्तीपाशी ती वाजली आणि वारा इकडचा असला तर लांबून ऐकूही यायची. म्हणजे वाजते सगळीकडे, फक्त आपल्या दारात नाही! लोविनाच्या डोक्यात तिडीक गेली. आता साहेब झाला टायर्नी, म्हाताऱ्याची शिट्टी म्हाताऱ्याच्या दारात वाजवायला त्याला कमीपणा वाटतो. तो इंजिनातून टोपी उचलायचा तेव्हा तिनं त्याला पाठ दाखवायला सुरुवात केली. पिठाचे गोळे करणंही तिनं सोडून दिलं. दुपारी पाव आणि सफरचंदाचा मुरांबा, तोही उभ्या उभ्या.

बर्फ वितळू लागल्यावर व्हायचं ते झालं. सॉलोमन ड्राइबेलबिस नावाचा शेतकरी बियाण्याचे बटाटे गाडीत भरून क्रॉसिंगवर आला. वारा सोसाट्याचा, कानाला मफलर. नुसती घंटा त्याला काय ऐकू येणार! त्या वाटेवरची माणसं शिट्टीवर चालायची, शिट्टी नाही म्हणजे गाडी नाही. घोडे पार झाले आणि एकतीसनं गाडीचं मागचं टोक उडवलं. कॉर्नेलियसनं इंजिन थांबवायला वाफ उलटी फिरवली होती म्हणून निभावलं. ड्राइबेलबिस खड्ड्यात पडला, हात मोडला. बटाटे लोविनाच्या कुंपणापर्यंत उडाले.

"शिट्टी कुठं मेली तुझी?" तो चिखलातूनच ओरडत होता. "अरे, शिट्टी कुठं मेली?"

कॉर्नेलियसनं त्याला उचलून रस्त्याकडेला बसवलं. लोविना खिडकीतून बघत होती. तिच्याही मनात तेच आलं, आणि खरं सांगायचं तर, बरी खोड मोडली असंही आलं.

संध्याकाळी मिनर्व्हा आली ती डोळे सुजवून.

"लोविना, मला झोड हवं तर, पण ऐक. उद्या सकाळी टायर्नीला ऑफिसात बोलावलंय. काढून टाकणार त्याला."

"टाकू देत. नियम आहे, खांबापाशी वाजवायची म्हणजे वाजवायची. माझ्या नवऱ्यानं एक दिवस चुकवली नाही."

"अगं बाई, तुझ्यासाठीच तर तो वाजवत नव्हता!"

"माझ्यासाठी? म्हणजे काय?"

"त्या दिवशी तू पायरीवर रडत होतीस ना, ते मीच जाऊन सांगितलं त्याला. पळी हातात होती तुझ्या, तेसुद्धा सांगितलं. माझ्या जिभेला काही हाड? तेव्हापासून त्यानं इथं शिट्टीच्या दोरीला हात लावला नाही. शेडमधल्या सगळ्यांना त्यानं शपथ घातलीय की बाईंना कळता कामा नये. आणि साहेबापुढं म्हणतोय काय, तर विसरलो! चार पोरं पदरात, पाचवं वाटेवर, आणि हा म्हणे विसरलो!"

लोविना खुर्चीत बसली. तिला आधी त्याचाच संताप आला. माझ्या दुःखाची राखण करायला याला कुणी सांगितलं होतं? मला विचारायचं तरी! मग त्याला रोज दाखवलेली पाठ आठवली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी ती चर्चला जायची काळी टोपी घालून सुपरिंटेंडेंट व्हिटलॉकच्या ऑफिसात गेली. नवऱ्याच्या सगळ्या नोकरीत तिनं त्या दाराची पायरी चढली नव्हती. कॉर्नेलियस टेबलासमोर उभा होता. व्हिटलॉक माणूस वाईट नव्हता. दाढ दुखत असल्यानं गालावर रुमाल धरून बसला होता, एवढंच.

"क्रेसलीबाई, हे कामाचं बोलणं चाललंय. आपण जरा बाहेर बसता का?"

"शिट्टी माझ्या नवऱ्याची, क्रॉसिंग माझ्या अंगणाखाली. मी आतच बरी आहे."

आणि तिनं सगळं सांगितलं. पिठाचे गोळे, दोन ताटल्या, पळी, काही वगळलं नाही. कॉर्नेलियस मध्येच म्हणाला, "साहेब, यांचं मनावर घेऊ नका. मी विसरलो, दुसरं काही नाही."

"खोटं बोललास की तुझे कान लाल होतात, कॉर्नेलियस. गप्प बस."

व्हिटलॉकनं रुमालाची बाजू बदलली. "बाई, मला तुमचं आणि याचं, दोघांचं वाईट वाटतं. पण दयेपोटी वाजवली नाही म्हणून ड्राइबेलबिसचा हात काही कमी मोडलेला नाही. उद्या तिथं माणूस मरेल. याचा हात त्या खांबापाशी पुन्हा जड पडणार नाही, याची हमी मला कोण देणार?"

"मी देते."

"तुम्ही कशी देणार? दोरी याच्या हातात."

व्हिटलॉकनं थोडा विचार केला. "ठीक आहे. आज दुपारची गाडी हाच आणेल. मी स्वतः क्रॉसिंगवर उभा राहतो. वाजवली तर तंबी देऊन सोडतो. नाही वाजवली तर मात्र घरी बसायचं, टायर्नी. मग मला कुणी काही सांगू नका."

बाहेर आल्यावर लोविनानं त्याला गाठलं. "ऐकलंस ना? ओढायची म्हणजे ओढायची."

कॉर्नेलियस टोपीच्या आत बघत होता. "बाई, तुम्हाला वाटतं मी मुद्दाम करतो? खांब आला की हात उचलतच नाही हो. डोळ्यांपुढं तुम्ही येता, पळी घेऊन उभ्या. म्हातारबाला तुम्ही एकदा पुरलंत. मी रोज दुपारी तुम्हाला त्याला पुन्हा पुरायला लावू?"

पोरांसाठी तरी ओढ, एवढंच ती म्हणाली, आणि ते तिला स्वतःलाच पोकळ वाटलं. ओढली आणि आपण पुन्हा कोसळलो तर? त्यानं ते बघितलं तर उद्यापासून पुन्हा तेच.

दुपारी ती क्रॉसिंगवर जाऊन उभी राहिली. व्हिटलॉक पलीकडच्या बाजूला, गालावर रुमाल. मिनर्व्हा कुंपणाशी, जीव मुठीत धरून. खिंडीतून धूर दिसला, मग एकतीसचा दिवा, मग पितळ. पांढरा खांब जवळ येत गेला. कॉर्नेलियस खिडकीतून अर्धा बाहेर आला होता आणि तिच्याकडेच बघत होता. घंटा वाजत होती. त्याचा हात दोरीवर होता, हे तिला दिसलं, आणि तो हात तिथंच गोठलाय हेही दिसलं.

मग लोविना क्रेसलीनं, साठीच्या बाईनं, काळी टोपी आणि काळे हातमोजे घातलेल्या विधवेनं, भर रस्त्यात उजवा हात डोक्यावर उंच नेला, मूठ वळली आणि हवेतली दोरी खाली ओढली. रुळांशेजारची पोरं इंजिन बघून करतात ना, अगदी तसं. एकदा ओढली. पुन्हा हात वर नेला आणि पुन्हा ओढली, या वेळी सगळं अंग टाकून. "ओढ!" ती ओरडत होती. "अरे ओढ की मेल्या!"

आणि शिट्टी वाजली.

ती खालून सुरू झाली. तोच आवाज, हिकरीचे तुकडे ठोकलेला. तो वर चढला. तिनं डोळे मिटले आणि शेवटाची वाट बघितली, ओझं हलकेच खाली ठेवण्याची. ते आलं नाही. आवाज शेवटी उतरला नाही, उलट जाता जाता कुणी दारातून हाक मारावी तसा जरा वर उडाला आणि तुटला. दुसरी लांब तशीच. दोन्ही आखूडही तशाच, घाईच्या आणि बडबड्या. पितळ अमँडसचं होतं, पण हात त्याचा नव्हता. हा टायर्नी होता, नखशिखांत टायर्नी. पहिल्या दिवशी तिनं शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं, पहिल्या सुरालाच तिचं लक्ष चुलीवरच्या भांड्याकडे गेलं होतं.

एकतीस धडधडत समोरून गेलं, मोठं चाक तिच्या डोक्यापेक्षा उंच. कॉर्नेलियस खिडकीतून मागं वळून तिच्या तोंडाकडं बघत होता, काय होतंय या भीतीनं. लोविना रडत नव्हती. तिनं हात वर करून त्याला दाखवला. व्हिटलॉकनं हॅट उचलली, रूळ ओलांडून तिच्यापर्यंत आला आणि "वाजली, बाई," एवढंच म्हणून ऑफिसकडे चालू लागला.

ती घरी आली. टोपी काढून खुंटीला लावली. खुंटीवरचा अमँडसचा पंचा तिनं घडी करून खणात ठेवला. रस्सा चुलीवर होताच, सकाळीच तिनं चढवला होता, का ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिनं पीठ भिजवलं आणि गोळे सोडायला घेतले. हाताला दोघांचीच सवय. मध्येच ती थांबली, उरलेलं पीठ परातीत झाकून बाजूला ठेवलं आणि भांड्यावर झाकण ठेवलं. मग टेबलापाशी जाऊन तिनं ताटली मांडली, एकच, आणि झाकण न उचलता गोळे शिजेपर्यंत बसून राहिली.